जुलै महिन्यातला गॅसवाला

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत, म्हणजे मिनेसोटा, विस्कॉन्सिन, व्हरमाँट अशा ठिकाणी, जानेवारीत गावातला सगळ्यात लाडका माणूस म्हणजे प्रोपेनचा ट्रकवाला. बाहेर पारा उणे पंचवीसवर, तळघरातला फर्नेस अखंड घरघरतोय, अंगणातल्या टाकीचा काटा वीस टक्क्यांच्या खाली घसरलाय आणि अशा वेळी हा माणूस गुडघाभर बर्फ तुडवत, शंभर फुटांची नळी ओढत येतो. त्याला कॉफी मिळते, कुकी मिळते, नाताळात पाकीटही मिळतं. तोच माणूस जुलैमध्ये तपासणीचे कागद घेऊन त्याच अंगणात उभा राहिला, की घरमालक जाळीच्या दाराआडून विचारतो, "आता काय काढलंत?"

अमेरिकेतली सुमारे पाच टक्के घरं प्रोपेनवर ऊब धरतात. शहराची गॅसवाहिनी जिथे पोचत नाही तिथली ही घरं. अंगणात पाचशे गॅलनांची आडवी, पांढरी टाकी बसवलेली असते. ती बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीची असते आणि घरमालक तिचं भाडं भरतो. टाकी कधीच काठोकाठ भरत नाहीत. उन्हाने आतला द्रव फुगतो, म्हणून ऐंशी टक्क्यांवर हात आखडता घ्यायचा असा नियम आहे. तरीही आपल्याकडच्या चौदा किलोच्या लाल सिलिंडरच्या हिशेबाने पाहिलं तर पन्नासहून जास्त सिलिंडरांचा गॅस तिच्यात मावतो. अशा घरात नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाकडे भारतातून आई येते, मागच्या दारी ही टाकी पाहते आणि पहिला प्रश्न विचारते, "नंबर कधी लावायचा?"

नंबर लावावा लागत नाही, हीच तर या धंद्याची करामत. दिवसाचं सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे 'डिग्री-डे'. सरासरी ५ अंश असेल तर ६०. कोणतं घर किती डिग्री-डेमध्ये एक गॅलन जाळतं हे जुन्या नोंदींवरून कंपनीला ठाऊक असतं. रोजची बेरीज करत राहायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला टाकीची आठवण व्हायच्या आत ट्रक दारात हजर. जुलैमध्ये मात्र ही बेरीज शून्यावर येऊन बसते आणि संगणकाच्या लेखी गिऱ्हाईक या पृथ्वीतलावर उरतच नाही.

कंपनीच्या मालकाला हे शून्य बघवत नाही. ट्रक उभे, ड्रायव्हर बसलेले, पगार चालू. पण जी कामं हिवाळ्यात करताच येत नाहीत ती सगळी याच शून्याच्या दिवसांत उरकायची असतात, आणि हे दिवस वाटतात तितके लांब नाहीत. एप्रिलच्या चिखलात जड ट्रक घातला तर तो तिथेच राहतो. सप्टेंबर उजाडला की मक्याचा शेतकरी फोन करतो. कापलेला मका वाळवायला तिकडे प्रोपेनच जाळतात. २०१३च्या शरद ऋतूत मका ओला निघाला, वाळवण्यात साठे उपसले गेले, पाठोपाठ २०१४च्या जानेवारीत कडाक्याची थंडी आली आणि मध्य-पश्चिमेत प्रोपेनचा तुटवडा पडला. सरकारला ट्रकचालकांच्या कामाच्या तासांचे नियम सैल करावे लागले. अशा जानेवारीत 'जरा ट्रकची टाकी आतून तपासून घेऊ या' असं म्हणणाऱ्या माणसाला गावात कोण राहू देईल?

हा धंदा जन्मला तोच मुळी गिऱ्हाइकाच्या तक्रारीतून, असं सांगतात. १९१०च्या सुमाराची गोष्ट. एका फोर्ड गाडीच्या मालकाने तक्रार केली, की मी पेट्रोल विकत घेतो आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं उडून जातं. वॉल्टर स्नेलिंग हे सरकारी खाण विभागातले रसायनतज्ज्ञ. त्यांनी ते उडून जाणारं काय आहे हे शोधलं, त्यात प्रोपेन सापडला. १९१३ मध्ये स्नेलिंगनी पेटंट मिळवलं आणि ते ५० हजार डॉलरला फ्रँक फिलिप्स या तेलवाल्याला विकलं. तक्रार करणाऱ्याला काय मिळालं, याची नोंद नाही. गिऱ्हाइकाच्या बाबतीत पुढेही परंपरा साधारण हीच राहिली.

उन्हाळी तपासणीतलं पहिलं काम गवताचं. टाकीच्या भोवती दहा फुटांत वाळकं गवत, झाडोरा, लाकडाच्या ढिगाऱ्यासारखं पेटणारं काही असू नये असा नियम आहे. एनएफपीए ५८ ही या धंद्याची संहिता. त्यात घरापासून टाकी किती लांब हवी हेही लिहिलेलं आहे: पाचशे गॅलनांची दहा फूट, हजाराची पंचवीस. पण घरमालकिणीच्या दृष्टीने ती पांढरी टाकी म्हणजे बागेला लागलेली दृष्ट. मग तिच्याभोवती झुडपं लावली जातात, वेल चढवले जातात, लाकडी जाळी उभारली जाते. पाच वर्षांनी तपासनीस येतो तेव्हा टाकी कुठे आहे हे त्याला नकाशावरून सांगावं लागतं. काही कलावंत घरमालक याहून पुढे जातात आणि टाकी रंगवतात. कलिंगड, पिवळी पाणबुडी, मक्याचं कणीस, डुक्कर असे प्रकार अमेरिकेच्या ग्रामीण भागात रस्त्यावरून जाता जाता दिसतात. कलिंगड ही तर टाकीच्या आकाराला फारच शोभणारी कल्पना. तोटा एवढाच, की गडद हिरवा रंग ऊन पितो, आतला दाब वाढतो, आणि टाकी पांढरी का असते याचं उत्तर भर दुपारी शिट्टी वाजवून मिळतं. २५० पौंड दाबाला उघडणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह कुकरच्या शिट्टीचंच काम करतो, फक्त त्याची शिट्टी झाल्यावर आतून वरणाचा वास येत नाही.

रंगकामात आणखी एक जण निष्णात असतो: कंपनीचाच नवा पोरगा. त्याला सांगतात, डेपोतल्या टाक्यांना पांढरा हात दे. तो टाकीला देतो, पायऱ्यांना देतो, आणि उत्साहाच्या भरात टाकीवरच्या पत्र्याच्या पट्टीलाही देतो. त्या पट्टीवर टाकीचा जन्म, क्षमता, दाब सगळं कोरलेलं असतं. ती वाचता येत नसेल तर टाकी कितीही धडधाकट असली तरी कागदोपत्री बेवारस, तिच्यात गॅस भरता येत नाही. याहून वाईट म्हणजे आणीबाणीच्या व्हॉल्व्हजवळ एक वितळणारा तुकडा असतो. आग लागली तर तो वितळावा आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हावा अशी योजना. त्यावरही पोरगा दोन हात मारतो. मग उरलेला आठवडा तो रंग खरवडण्यात जातो.

खरे शत्रू मात्र बारीक असतात. टाकीतला दाब उतरवून घराला सोसेल इतका करणारं जे उपकरण, तो रेग्युलेटर. त्याला श्वास घ्यायला एक भोक ठेवलेलं असतं. त्या भोकाच्या मापाचं घर शोधत कुंभारीण माशी उन्हाळाभर फिरत असते. ती चिखलाचे गोळे आणून ते भोक व्यवस्थित लिंपते, आत अंडी घालते आणि निघून जाते. जुलैत कोणालाच काही कळत नाही, कारण गॅस जळतच नाही. नोव्हेंबरमध्ये फर्नेस लागतो तेव्हा रेग्युलेटरला श्वास लागलेला असतो आणि दाब भलतीकडेच जातो. भोकाचं तोंड वर राहिलं तर पावसाचं पाणी आत शिरतं आणि थंडीत गोठतं. म्हणून भोक खाली तोंड करून हवं, जाळी शाबूत हवी. हे सगळं पाहायला दोन मिनिटं लागतात, आणि त्या दोन मिनिटांसाठी माणूस तीस मैल गाडी हाकत आलेला असतो. घरमालकाला हे पटत नाही, कारण त्याला समोर दिसते ती एवढीशी माशी.

कोळीही या व्यवसायात आहेत. बंद पडलेल्या बर्नरच्या नळकांड्यात ते जाळी विणतात. गॅसला वास यावा म्हणून मिसळतात त्या मरकॅप्टनचा वास कोळ्यांना आवडतो, असं गॅसचे कारागीर छातीठोकपणे सांगतात. कोळ्यांची बाजू कोणी विचारलेली नाही. पण या प्राण्याला हसू नये. २०११ मध्ये माझदा कंपनीला उत्तर अमेरिकेतल्या सुमारे ६५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या त्या पेट्रोलच्या टाकीच्या हवानळीत जाळं विणणाऱ्या एका पिवळ्या कोळ्यामुळे.

मरकॅप्टनचा विषय निघालाच आहे तर त्याच्याबद्दल थोडं. मुळात प्रोपेनला वास नाही. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १९३७ साली बिनवासाच्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं होती. गॅसला मुद्दाम घाण वास द्यायचा कायदा टेक्सासमध्ये त्यानंतर आला. हा वास इमानी आहे, पण अमर नाही. टाकी रिकामी ठेवली, तोंड उघडं राहिलं, आत हवा-पाणी शिरून गंज धरला, की तो गंज वास खाऊन टाकतो. म्हणून उन्हाळ्यात 'आत्ता भाव उतरू दे, टाकी तळाला राहिली तर राहू दे' म्हणणाऱ्या काटकसरी गिऱ्हाइकाची कंपनीला धास्ती असते. गॅस पूर्ण संपून टाकी बंद पडली, तर पुन्हा भरताना सगळ्या नळ्यांची गळती-चाचणी करावी लागते आणि वाचवलेले पैसे त्या चाचणीच्या बिलात जातात.

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळला तर तो वर न जाता तळघरात उतरून बसतो. तो वास गिऱ्हाइकाला ओळखता यावा म्हणून कंपन्या पत्रकं पाठवतात. पत्रकावरचा ठिपका नखाने खरवडला की सडक्या अंड्यांचा अस्सल वास येतो. दरवर्षी कोणीतरी ते पत्रक उघडून स्वयंपाकघरात ठेवतो आणि दुसरं कोणीतरी घाबरून कंपनीला फोन करतो. कंपनीच्या दृष्टीने हा फोन म्हणजे पत्रकाचा खर्च वसूल झाल्याची पावती.

आता ट्रक. याला तिकडे बॉबटेल म्हणतात. त्याच्या पाठीवरच्या टाकीवर ठळक अक्षरांत महिना, वर्ष आणि 'व्ही', 'के', 'पी', 'आय' अशी अक्षरं रंगवलेली असतात. 'व्ही' म्हणजे बाहेरून तपासणी आणि 'के' म्हणजे गळती-चाचणी, या दोन दरवर्षी. 'पी' म्हणजे दाबाची चाचणी आणि 'आय' म्हणजे आतून तपासणी, या साधारणपणे पाच वर्षांनी. आतून तपासायचं तर टाकी रिकामी करून तिच्यातला गॅसचा अंश न् अंश घालवावा लागतो. ट्रक कित्येक दिवस अडकून पडतो. जानेवारीत हे अशक्य, म्हणून मे ते ऑगस्टमध्ये ट्रक पाळीपाळीने इस्पितळात. नळीचं वेगळं. प्रत्येक खेपेनंतर नजर टाकायची, महिन्याला नीट तपासायची, वर्षातून एकदा दाब देऊन चाचणी.

सगळ्यात मजेदार काम रिमोटचं. ड्रायव्हरच्या कमरेला एक रिमोट असतो. त्याचं बटण दाबलं की दूरवरूनही ट्रकचा व्हॉल्व्ह बंद व्हावा. नियम असा, की दिवसाची पहिली खेप टाकायच्या आधीच्या अठरा तासांत त्याची चाचणी झालीच पाहिजे, तीही दीडशे फुटांवरून. त्यामुळे रोज सकाळी एक धिप्पाड मनुष्य स्वतःच्या ट्रककडे पाठ करून ताडताड चालत जातो, लांब जाऊन वळतो, ट्रकवर रिमोट रोखतो, बटण दाबतो, आणि समाधानाने परत येतो. नव्या शेजाऱ्याला हा काही धार्मिक विधी वाटला तर नवल नाही.

हा विधी नॉर्थ कॅरोलायनातल्या सॅनफर्डमुळे आला. ८ सप्टेंबर १९९६ रोजी तिथे मोठ्या टँकरमधून साठवण टाकीत प्रोपेन उतरवताना नळी निसटली आणि सापासारखी आपटू लागली. चालकाने इंजिन बंद केलं, पण टँकरचा व्हॉल्व्ह बंद करायच्या खटक्यापर्यंत त्याला जाता येईना. प्रवाह वाढला की आपोआप बंद होणारी झडप बंद झाली नाही. साठवण टाकीतून गॅस उलटा येऊ नये म्हणून बसवलेल्या झडपेनेही काम केलं नाही. ३५ हजार गॅलनांहून जास्त प्रोपेन बाहेर पडला. ठिणगी पडली नाही, एवढंच त्या गावाचं नशीब. ज्या झडपांवर सगळ्यांचा वर्षानुवर्षं भरवसा होता त्या वेळेवर चालतातच असं नाही, हे कळल्यावर केंद्र सरकारने नियम बदलले आणि १९९९ पासून रिमोटचं युग सुरू झालं.

माणसांची दुरुस्तीही उन्हाळ्यातच. या धंद्याची प्रोपेन शिक्षण व संशोधन परिषद १९९६च्या एका केंद्रीय कायद्याने उभी राहिली. तिचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत. एरवी रोज तीस-चाळीस टाक्या भरणारे गडी जुलैमध्ये बाकावर बसून प्रश्नपत्रिका सोडवतात. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस पेन्सिल चावत 'व्हॉल्व्ह प्रथम कोणत्या दिशेने फिरवाल' या प्रश्नावर अडकतो, कारण हाताला ठाऊक असलेली गोष्ट डोक्याला कधी कोणी विचारलेलीच नसते. या जमातीचं टीव्हीवरचं दैवत म्हणजे 'किंग ऑफ द हिल' या व्यंगचित्र मालिकेतला हँक हिल, टेक्सासमधल्या एका काल्पनिक प्रोपेन दुकानाचा साहाय्यक व्यवस्थापक. तो प्रोपेनबद्दल ज्या गांभीर्याने बोलतो त्याला प्रेक्षक १९९७ पासून हसत आले. धंद्यातल्या लोकांना त्यात विनोद नेमका कुठे आहे हे समजत नाही.

ते गांभीर्य कुठून येतं हे वेस्ट व्हर्जिनियातल्या गेंट गावी कळतं. ३० जानेवारी २००७. एका दुकानामागची जुनी टाकी काढून नवी बसवायची होती. जुनी टाकी नियमाप्रमाणे दुकानापासून दहा फूट लांब हवी होती. ती कित्येक वर्षं भिंतीला टेकून होती आणि कोणीही हटकलं नव्हतं. कामावर लागून जेमतेम दीड महिना झालेला, रीतसर प्रशिक्षण न मिळालेला कारागीर एकटाच होता. त्याने टाकीवरच्या द्रव काढायच्या व्हॉल्व्हचं बूच फिरवलं. आतला व्हॉल्व्ह आधीच उघडा अडकलेला होता. गॅस दुकानात शिरला, दुकान वेळेवर रिकामं केलं गेलं नाही, आणि स्फोटात चार माणसं गेली. त्यांत मदतीला धावलेलेही होते. केंद्रीय रासायनिक सुरक्षा मंडळाने चौकशी करून जो अहवाल दिला त्यात गूढ असं काही नाही. टाकीची जागा, व्हॉल्व्ह, प्रशिक्षण, माणसं बाहेर काढणं. चारही गोष्टी उन्हाळी तपासणीच्या आणि उन्हाळी वर्गाच्या यादीतल्या.

गिऱ्हाइकाला ही यादी वाचून दाखवली तर तो ऐकतो, मान डोलावतो आणि विचारतो, "पण मी बोलावलं नव्हतं ना?" बार्बेक्यूवाला गिऱ्हाईक त्याहून खमका. चार जुलै तोंडावर आलेला असतो, तो वडिलांच्या काळचा गोल चाकाचा सिलिंडर घेऊन येतो आणि 'भरा' म्हणतो. १ एप्रिल २००२ पासून जादा भरण रोखणारा व्हॉल्व्ह नसलेले असे लहान सिलिंडर भरायला बंदी आहे. नव्याचं चाक तिकोनी असतं, लांबूनच ओळखू येतं. इतक्या वर्षांनंतरही दर उन्हाळ्यात कोणीतरी ती बंदी कालच आल्यासारखा भांडतो. त्यातून 'लाल चिठ्ठी' हे प्रकरण. कारागिराला एखादं उपकरण धोकादायक आढळलं तर तो गॅस बंद करून त्यावर लाल चिठ्ठी लटकवतो. दुरुस्ती होईपर्यंत ती काढायची नाही. जानेवारीत लाल चिठ्ठी लावणं म्हणजे घराला गारठवणं. जुलैत लावली तर गिऱ्हाईक चार शिव्या देतो, पण त्याच्याकडे दुरुस्तीला तीन महिने असतात. कारागिरांना शिव्या जुलैतल्याच परवडतात.

आपल्याकडे या धंद्याला जुलै नाही. भारतातला घरगुती गॅस हा प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ब्युटेन शून्याच्या आसपासच द्रवरूप धरून बसतो, त्यामुळे तो मिनेसोटात निकामी ठरेल. प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. पुण्या-नाशकात तो प्रश्न येत नाही. इथे गॅस उबेला नाही, चहाला लागतो, आणि चहाला बिगरहंगाम ठाऊक नाही. मग तपासणीचे दिवस कोणते? नियमाने दर पाच वर्षांनी वितरकाचा माणूस घरी येऊन शेगडी, रेग्युलेटर, नळी पाहून जातो. तो आला की आपण जाळीच्या दाराआडून काय विचारतो, हे वाचकाने स्वतःशी आठवून पाहावं.

तोवर एक काम घरच्या घरी होतं. सिलिंडरच्या गळ्याशी ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यातल्या एकीवर आतल्या बाजूने ए, बी, सी किंवा डी हे अक्षर आणि पुढे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. तेवढ्या मुदतीत त्या सिलिंडरची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर तो घेऊ नका, बदलून मागा. नारिंगी सुरक्षा नळीवरही साल छापलेलं असतं आणि तिचं आयुष्य पाच वर्षांचं. गळतीचा संशय आला तर विजेचं कोणतंही बटण न दाबता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ला फोन करा. तो नंबर बाराही महिने, चोवीस तास चालू असतो.